मामांनी केलेली विद्यापीठाची चौकशी

लाखनी, ७ जून

ती. मामा,

पाया पडते. पत्र पाहून घाबरू नका, सगळे सुखरूप आहेत. फोन केला असता, पण तुमचे कान आता फोनले दाद देत नाहीत, आणि तुम्ही न ऐकताच "हो हो, बरं बरं" म्हणता. या गोष्टीले मले खरा होकार पाहिजे, म्हणून लिहून राहिली. कॉलेजात दिवसभर मी "मला, तुला" करते. तुम्हाले लिहाले बसली की हात आपोआप घरच्या बोलीवर येते.

मामा, मले पीएचडी कराची आहे. बेचाळीस वर्षांची झाली, दोन पोरं दहावी-बारावीत आहेत, नोकरी तासावरची आहे, हे सगळं मले माहीत आहे. तरी कराची आहे.

विषय सात वर्षांपासून डोक्यात आहे. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कामातल्या बाया. आंधळगावले आपल्या घरी माग बाबा चालवत होते. पण कोसा उकळणं, मांडीवर धागा काढणं, धोट्यासाठी कांड्यांवर धागा गुंडाळणं हे आईनं केलं, चाळीस वर्षं. विणकराच्या ओळखपत्रावर नाव बाबाचं. कोणतंही पुस्तक उघडा, त्यात लिहिलं राहते, "या कामी घरच्या स्त्रियांची मदत होते." झालं, एका ओळीत आटोपलं. मले त्या एका ओळीचं पुस्तक कराचं आहे.

इकडच्या तीन मार्गदर्शकांकडे जाऊन आली. दोघांकडे जागा नव्हती. तिसरे म्हणाले, "मॅडम, हा विषय नाही, ही तुमची आठवण आहे." त्या दिवशी मी भंडाऱ्यापासून लाखनीपर्यंत बसमध्ये रडत आली.

आता परदेशातलं एक विद्यापीठ सापडलं, तिथं घरी राहून संशोधन करता येते. इंग्लंडमधलं, केस्टरविक नावाच्या गावचं. त्यांचं माहितीपुस्तक सोबत जोडलं आहे. नागपूरचे एक काउन्सेलर सर रोज फोन करतात, लय आदरानं बोलतात. दीड वर्षात पदवी, तोंडी परीक्षा नाही, आणि ३१ जुलैच्या आत पैसे भरले तर फी निम्मी. यांनी, म्हणजे कुंदननं, दुकानातल्या पंख्याची वायर सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य म्हटलं, "मामांले इचार." आपल्या घरातली एकही सोयरीक तुम्हाले न इचारता झाली नाही, तर हे तरी काहून होईन?

आईले सध्या सांगू नका.

तुमची तेजू


सानगडी, १२ जून

चि. तेजस्विनी,

आधी आशीर्वाद घे, मंग पाणी पी, मंग वाच. तुह्या पत्रानं पंचवीस किलोमीटरले चार दिवस घेतले. मी पोस्टमास्तर होतो तवा दुसऱ्या दिवशी हाती देत होतो. जाऊ दे, रिटायर माणसाच्या तोंडी हेच राहणार.

मी हसलो नाही. तुही मामी हसली, पण ते खुशीनं. आपल्या खानदानात डॉक्टर एकच, तो ढोराइचा, अन् तोही जावई.

माहितीपुस्तक पाहिलं. हिरवळ आहे, पांढरी इमारत आहे, टोप्या फेकून राहिलेले पोट्टे आहेत. बेटा, नवरदेवाचा स्टुडिओतला फोटो पाहून मी कोणाले हो म्हटलं नाही. तुह्या रेणूताईच्या वेळेस बपेऱ्याचं एक स्थळ आलं होतं, तुले आठवत नसन. पोरगा मोटारसायकलीले टेकून उभा, डोळ्यावर काळा चष्मा. तुहे बाबा तर पत्रिका छापाले निघाले होते. मी बपेऱ्याच्या पोस्टमास्तराले कार्ड टाकलं. आठ दिवसात उत्तर, "पोरगा बरा आहे, मोटारसायकल फोटोवाल्याची आहे." चष्मापण त्याचाच निघाला.

चौतीस वर्षं मी असंच केलं. कोणत्याही गावचं स्थळ असो, तिथल्या पोस्टमास्तराले लिहाचं. टपालवाल्याले सगळं माहीत राहते. कोणाच्या घरी मनिऑर्डर येते, कोणाच्या घरी कोर्टाचा कागद येते, कोण पोस्टमनले पाणी इचारते अन् कोण दारामागून "घरी नाही" म्हणते. अन् तो खोटं लिहीत नाही, कारण उद्या त्यालेही कोणाची तरी चौकशी कराची राहते.

आता मुद्द्याचं. तुह्या पत्रात फी आहे, तारीख आहे, सूट आहे. तुले शिकवणाऱ्याचं नाव नाही. पोरगी देऊन राहिलो अन् सासूचं नाव माहीत नाही, असं झालं हे. ते इचार. अन् दुसरं कोणतं स्थळ पाहिलं का, तेही लिही. दोन्हीचे पत्ते पिनकोडासकट पाठव.

तुही मामी इचारून राहिली, ते लोक मानपान लय मांगतात का? मांगत असतीन तर सोडून दे म्हणते.

तुहा मामा
गोपाळराव


लाखनी, १७ जून

ती. मामा,

मोटारसायकलचं वाचून कुंदन दुकानात एवढे हसले की गिऱ्हाईक घाबरलं.

काउन्सेलर सरांले मार्गदर्शकाचं नाव इचारलं. म्हणाले, "मॅडम, ते प्रवेश झाल्यावर अलॉट होते, तुम्ही टेन्शन नका घेऊ." बरं, नाही घेत.

दुसरं एक पाहिलं होतं, पण ते काही जमणार नाही. पोर्तुगालमधल्या मोन्तेर्वा गावचं सरकारी विद्यापीठ. फी पहिल्याच्या एक तृतीयांश, तिथंही घरी राहून करता येते, शिकवणं इंग्रजीत. पण त्यांची वेबसाइट म्हणजे ग्रामपंचायतीचा नोटीस बोर्ड. कोणी फोन करत नाही, कोणी मॅडम म्हणत नाही. मीच ईमेल केली, विषयाची दोन पानं पाठवली. अठरा दिवसांनी प्रोफेसर लुर्देस नावाच्या बाईचं दोन ओळीचं उत्तर. "तुमच्या दोन पानांत तुम्ही या स्त्रियांना नऊ वेळा 'मदतनीस' म्हटलं आहे. का?" बस, एवढंच. ना नमस्कार, ना अभिनंदन. मी मोजले, खरंच नऊ होते. मले एवढी शरम वाटली की उत्तर दिलंच नाही. हाकलून द्याची ही त्यांची पद्धत असन.

तुम्ही मांगितले म्हणून दोन्ही पत्ते मागच्या बाजूले लिहिले आहेत. पण मामा, हात जोडते, तिकडच्या पोस्टमास्तराले कार्ड टाकू नका. हे बपेरा नाही. "आमची मुलगी तुमच्या गावी द्यायची आहे, घराणं कसं आहे" असं इंग्लंडले पत्र गेलं तर माही काय लाज राहीन?

तेजू


सानगडी, २१ जून

चि. तेजू,

पत्र मिळालं. इकडे धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकणं चालू आहे, बसाले फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पंधरा ऑगस्टपर्यंत थांब. कोणालेही एक पैसा भरू नको. कारण इचारू नको.

मामा


लाखनी, २४ जुलै

ती. मामा,

महिनाभर थांबली. तीन पत्रं लिहिली, तुमचं उत्तर नाही. मामीले फोन केला तर म्हणते, "ते काही सांगत नाहीत वो, रोज टपालाची वाट पाहतात अन् चूप बसतात."

तर मी समजली. तुम्हालेही हे पसंत नाही. सरळ लिहिलं असतं तर बरं झालं असतं. "तेजू, घर सांभाळ, पोरांचं पाहा." सगळे हेच म्हणतात, फक्त तुम्ही म्हणसान असं वाटलं नव्हतं. लहानपणी आंधळगावले आले की तुम्ही मले पोस्टाच्या जुन्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजू आणून देत होते, लिही म्हणून. तोच माणूस आता "कारण इचारू नको" लिहिते, याचं वाईट वाटलं. लय वाईट वाटलं.

एक गोष्ट लपवली होती, तेही सांगून टाकते. परदेशातून अशी घरबसल्या घेतलेली पदवी इकडच्या नोकरीत धरतीलच असं नाही. बहुतेक धरणार नाहीत. म्हणजे मी तासावरचीच राहीन. कुंदनले माहीत आहे. बाकी कोणाले सांगितलं नाही, कारण मंग सगळे म्हणतील, कायले करते मंग? मामा, या "कायले"चं उत्तर माह्याजवळ एकच आहे. आई गेल्यावर तिचं काम कोणी लिहिणार नाही. बाकी काही नाही.

३१ तारखेच्या आत पैसे भरते. रागावू नका.

तेजस्विनी


सानगडी, २८ जुलै (स्पीड पोस्टानं)

चि. तेजू,

हे पत्र वाचाच्या आधी सोबतचं पाकीट पाह्य. पाहिलं का? आता बस खाली.

तू नको म्हटलं होतं अन् मी केलं. २१ जूनले साकोलीले जाऊन दोन रजिस्टर पत्रं टाकली. एक केस्टरविकच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर, एक मोन्तेर्वाच्या पोस्टमास्तराले. इंग्रजी माह्या नातवाकडून दुरुस्त करून घेतलं, अन् "मुलगी द्यायची आहे" असं कुठंही लिहिलं नाही, तेवढी अक्कल मले आहे. तुले सांगतलं नाही कारण तू हसली असती, अन् दोन्ही पत्रं बरोबर पोचली असती तर मी खरंच येडा ठरलो असतो. तुह्या पत्राले उत्तर द्याले बसलो की हातून ही गोष्ट निसटन, म्हणून बसलोच नाही. तेवढी चूक माही आहे. तुही मामी दोन दिवसांपासून माह्याशी बोलून नाही राहिली.

काल केस्टरविकचं पाकीट परत आलं. त्यावर तिकडच्या टपालखात्याची चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यात चौथ्या चौकटीत पेनानं खूण आहे. असा पत्ताच नाही. बेटा, माणूस घर बदलते, दुकान बदलते, पण विद्यापीठाची पांढरी इमारत कोणी खांद्यावर घेऊन पळत नाही. पोस्टमनले जे सापडत नाही ते राहत नाही, हे मी चौतीस वर्षांच्या नोकरीवर सांगतो.

पैसे भरू नको. अन् पसंत नाही असं तू म्हटलं, ते मले लागलं. पण चूक माही होती, तर लागू दे.

पदवी नोकरीत धरो की न धरो, मले त्याचं काही नाही. जना माही बहीण आहे. तिचं नाव कुठं लिहिलं गेलं तर तुह्याइतकीच मले खुशी आहे.

मामा


लाखनी, १ ऑगस्ट

ती. मामा,

तुमचं पत्र ३० तारखेले दुपारी आलं. मी बँकेत जाले साडी नेसून तयार होती. कुंदननं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, मंग काउन्सेलर सरांले फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी इचारलं, "सर, विद्यापीठाची इमारत कोणत्या रस्त्यावर आहे? माह्या मामांचं पत्र परत आलं." ते म्हणाले, "मॅडम, आजकाल विद्यापीठं क्लाउडवर असतात." मी म्हटलं, "मंग माहितीपुस्तकातली हिरवळ कोणाची?" फोन कट. तेव्हापासून तो नंबर लागत नाही.

आधी मी रडली. मंग कुंदन म्हणाले, "मोटारसायकल फोटोवाल्याची निघाली," आणि आम्ही दोघं एवढे हसलो की पोरं अभ्यास सोडून बाहेर आले.

मामा, मले माफ करा. मागच्या पत्रात जे लिहिलं ते परत घेते. मामीले सांगा, त्याइच्याशी बोल, चूक माही होती. साडी नेसलीच होती म्हणून मंग आम्ही सगळे हायवेवरच्या हॉटेलात मिसळ खाऊन आलो, बँकेत जे जाणार होतं त्यातून.

पण आता बस झालं. एवढी शिकलेली मी, आणि मले एका माणसानं रोज आदरानं मॅडम म्हणून गुंडाळलं. संशोधन काय करणार कपाळ. यंदा पोराची बारावी आहे, तिकडेच लक्ष देते.

तेजू


सानगडी, २४ ऑगस्ट

चि. तेजू,

बस झालं, हे तू ठरवणार नाही. दोन स्थळं पाहाले निघालो होतो, एकाचीच चौकशी झाली.

परवा पोळा झाला. बैलाच्या आरतीच्या वेळेस पोस्टमन दारात, हातात निळं पाकीट. तुही मामी म्हणे, आधी बैल, मंग पोर्तुगाल. बैलाले घाईघाईत पुरणपोळी चारली, त्यालेही नवल वाटलं असन.

मोन्तेर्वाच्या पोस्टात पोस्टमास्तर बाई आहे, इनेस नावाची. तिनं दोन पानं लिहून पाठवली. इंग्रजी माह्यासारखंच आहे, म्हणून मले सगळं समजलं. तिचं म्हणणं मी मराठीत उतरवतो. "महाशय, असं पत्र मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत आलं नाही, आणि आमच्या ऑफिसात ते सगळ्यांनी वाचलं. विद्यापीठ आहे. लोकरीच्या जुन्या गिरणीत आहे, पावसात छत गळतं. दिसायला काही खास नाही. प्रोफेसर लुर्देस यांना आम्ही चांगले ओळखतो. त्या दर गुरुवारी स्वतः टपाल टाकायला येतात. बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली पानं त्या छापून घेतात, पेन्सिलीनं खुणा करतात आणि परत टपालानं पाठवतात, कारण स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात राहत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. पाकिटं जड असतात. रांगेत भांडतात, पण तिकिटाचे पैसे स्वतःचे भरतात. माझी आई त्याच गिरणीत होती. तुमच्या भाचीनं यावं."

तेजू, मी शंभराच्या वर चौकशा केल्या. एवढं चांगलं उत्तर मले कोणत्याच नवरदेवाबद्दल आलं नाही, तुह्या कुंदनबद्दलही नाही. त्याले सांगू नको.

आता त्या बाईच्या दोन ओळी. तू म्हणते, हाकलून दिलं. मी चार वेळा वाचलं. पोरगी पाहाले आलेले लोक पोहे खाऊन, "छान, छान" म्हणून, काहीच न इचारता उठले, तर समजाचं की हे पोरीसाठी आले नव्हते. जो बसून इचारते, त्याले घ्याची राहते. केस्टरविकवाल्यानं तुह्या विषयाचं एक अक्षर इचारलं का? या बाईनं तुहे शब्द मोजले, नऊ. म्हणजे तिनं दोन्ही पानं वाचली. अन् इचारलं तेही बरोबर आहे. सगळी पुस्तकं बायाइले मदतनीस म्हणतात म्हणून तुले राग, अन् तूच नऊ वेळा म्हटलं.

उत्तर लिही तिले. आजच.

मामा

ता. क. मामी बोलाले लागली आहे. पहिलं वाक्य होतं, "भात वाढू का?"


लाखनी, ५ सप्टेंबर

ती. मामा,

पत्र वाचलं आणि त्याच बैठकीत प्रोफेसर लुर्देसले उत्तर लिहिलं. "तुम्ही बरोबर आहात. मी पुस्तकांची भाषा उचलली. माझी आई मदतनीस नव्हती." तीन दिवसात त्यांचं उत्तर, व्हिडिओवर बोलू म्हणून. मामा, साठीच्या बाई, केस विस्कटलेले, मागे खिडकीत बादली ठेवलेली, तिच्यात छताचं पाणी टपकत होतं. मले एवढं घरच्यासारखं वाटलं. एक तास बोलल्या. कांडी म्हणजे काय ते मी पेन आणि दोऱ्यावर करून दाखवलं, तर त्यांनी उठून कपाटातून त्यांच्या गिरणीतली लाकडी कांडी आणून दाखवली. आपल्या कांडीच्या दुप्पट. आम्ही दोघी एकमेकींले कांड्या दाखवून हसत बसलो. "हा विषय आहे," म्हणाल्या. साध्या तीन शब्दांत. सात वर्षं मी हेच ऐकाले फिरत होती.

पण एक अट आहे. ३० सप्टेंबरच्या आत एका बाईची मुलाखत पाठवाची, तिच्याच शब्दांत, वीस पानं तरी. ती वाचूनच प्रवेश ठरणार.

रविवारी आंधळगावले गेली. आईले सगळं सांगितलं. ती खुश झाली, लाडू दिला, आणि रेकॉर्डर चालू केल्यावर म्हणाली, "तुले काय सांगू? तू तर घरचीच. तुले सगळं माहीत आहे." मी म्हटलं, माहीत नाही असं समज. "असं कसं समजू? माह्या मांडीवर झोपून तू कांड्या पाहिल्या." दोन तासात एकूण अकरा वाक्यं बोलली, त्यातली चार माह्या तब्येतीबद्दल. समोरच्या शकुनबाईकडे गेली तर ती म्हणते, "जनाबाई नाही बोलली तर मी कशी बोलू, चांगलं दिसते का?"

मले काही सुचून नाही राहिलं. पंचवीस दिवस आहेत.

तेजू


सानगडी, १६ सप्टेंबर

चि. तेजू,

सोबत एकेचाळीस पानं आहेत. आधी हे पत्र वाच, मंग ते.

शुक्रवारी आंधळगावले गेलो. जनाले म्हटलं, तुह्या पोरीले तू सांगत नाही ते ठीक आहे, मले सांग. मी विशीतच पोस्टात लागलो, मागावर कधी बसलो नाही, मले खरंच काही माहीत नाही. हे तिले पटलं. बोलाले लागली. पण तिचा आवाज तुले माहीत आहे, अन् माहे कान तुले माहीत आहेत. म्हटलं, जोरानं बोल जना, मले काही ऐकू नाही येऊन राहिलं.

मंग ती जोरानं बोलली. "कोसा पहाटे चार वाजता उकळाव लागते" हे तिनं असं सांगतलं की गल्लीतले कोंबडे दचकले. तर समोरून शकुनबाई तिच्या दारातून ओरडली, "कायची चार वाजता, तुहा तर चहाच सहाले होत होता." जना म्हणे, "चहा मागून, कोसा आधी." झालं. शकुनबाई पाटा-वरवंटा सोडून आली, तिच्यामागं आणखी दोघी. प्रत्येकीचं म्हणणं की बाकीच्या चुकीचं सांगून राहिल्या. अन् सगळ्या माह्यासाठी जोरानं. मी लिहिता लिहिता घामानं भिजलो.

मांडीवर धागा कसा काढतात हे इचारलं तर सगळ्या पदर सावराले लागल्या. भावासमोर कसं सांगाव. शेवटी मले भिंतीकडे तोंड करून बसवलं अन् मागून ओरडून सांगतलं. राख कशी लावतात, कातडी कशी जाड होते, बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी पुन्हा कशा बसल्या, सगळं. तेजू, मी भिंतीकडे पाहून लिहून राहिलो होतो हे बरं होतं. बहिणीचं एवढं काम मले सत्तर वर्षांत माहीत नव्हतं, अन् डोळ्यात पाणी आलं ते कोणाले दिसलं नाही.

जनानं एक गोष्ट सांगतली, ते तिसाव्या पानावर आहे. म्हणे, "धोटा फेकणारा फेकते, लोक त्याले पाहतात. पण धोट्यात कांडी नसली तर तो काय हवा विणून राहिला का?" सगळ्या हसल्या. तुहे बाबा बाजेवर बसले होते, तेही हसले, अन् म्हणाले, "हे खरं आहे, लिही."

शुक्रवारी सांजेले उठणार होतो, रविवारी उठलो. निघताना जनाले म्हटलं, एवढं होतं तर आधी काहून नाही सांगतलं? म्हणे, "कोणी इचारलंच नाही, तर सांगू कोणाले?"

घसा सगळ्याइचा बसला आहे. ज्येष्ठमध पाठवून दे.

मामा


लाखनी, ८ नोव्हेंबर

ती. मामा,

प्रवेश झाला. मागच्या आठवड्यात प्रोफेसर लुर्देसची ईमेल आली, आणि काल विद्यापीठाचं पत्र. तुमच्या एकेचाळीस पानांचं मी इंग्रजी केलं होतं. त्यांनी लिहिलं, "अशी मुलाखत मी आजवर वाचली नाही. इतक्या जणी एकाच वेळी का बोलत आहेत, आणि सगळ्या ओरडत का आहेत, हे कळवावे." मी सगळं कळवलं. आता त्याइले तुम्हाले भेटाचं आहे.

फी तीन हप्त्यांत घेणार आहेत. या पदवीनं नोकरीत फरक पडणार नाही, हे मी प्राचार्यांले स्वतःहून सांगितलं. ते म्हणाले, मंग कायले करता? आता हे ऐकून मले काहीच झालं नाही, चहा पिऊन वर्गावर गेली. कुंदननं दुकानाच्या मागची खोली रिकामी करून तिथं टेबल आणि चांगला दिवा लावून दिला. पोट्टे म्हणतात, आता घरात तिघांची परीक्षा.

काल रात्री जेवणं झाल्यावर विद्यापीठाचा फॉर्म भराले बसली. नाव, पत्ता, शिक्षण भरलं. मंग वडिलांचा व्यवसाय, तिथं 'विणकर' लिहिलं. त्याखाली आईचा व्यवसाय. पहिलीत बाबांनी माह्या नावाचा फॉर्म भरला तेव्हापासून त्या रकान्यात 'घरकाम' लिहून राहिलो आपण. शाळेत, कॉलेजात, बी.एड.ले, नोकरीच्या अर्जात, सगळीकडे तेच. मी पेन धरून बराच वेळ बसली. मंग 'विणकर' लिहिलं.

आईले फोन करून सांगितलं. तिनं इचारलं, "अन् बाबाच्या नावापुढं काय लिहिलं?"

म्हटलं, "विणकर."

"मंग दोघं झालो," म्हणाली, आणि बाबांले सांगाले फोन तसाच चालू ठेवून उठून गेली.

तुमची तेजू